उरलेले तुकडे : मंडई, हवामान आणि उद्योगधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस विषय नेमून दिला तो असा, कीं हवामान बदलत चाललें असतां जे उद्योजक त्या संकटास तोंड देणारे टिकाऊ व्यवसाय उभारीत आहेत, त्यांच्याविषयीं कांहीं सांगावें. विषय मोठा आहे. आणि अशा विषयावर बोलणारा बहुधा ध्रुवप्रदेशांतील बर्फापासून आरंभ करतो व श्रोत्यांना जांभया येईपर्यंत तेथेंच मुक्काम ठोकतो. आम्ही तसें करणार नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरची भाजी ज्या ठिकाणाहून येते, त्या महात्मा फुले मंडईपासूनच आपण निघूं.

इ. स. १८८६ हें साल आपल्या दृष्टीनें दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या सालच्या सप्टेंबरांत पोप तेरावे लिओ यांनीं हिंदुस्थानांतील धर्मप्रांतांची रीतसर व्यवस्था लावून दिली, आणि पुणें धर्मप्रांत अस्तित्वांत आला. त्याच सालीं शहराच्या मध्यभागीं अष्टकोनी मनोऱ्याची व आठ दिशांस पाखे पसरलेली मंडईची इमारत खुली झाली. तत्पूर्वीं भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणांत उघड्यावर भरत असे. नव्या इमारतीस मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव देण्यांत आलें. गंमत अशी, कीं जोतीराव फुले हे नगरपालिकेचे सभासद असतांना त्यांनीं या बाजाराच्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा रयतेच्या शिक्षणास लागावा असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या खटपटीनें त्याच इमारतीस जोतीरावांचें नांव मिळालें. विरोध करणाऱ्याचें नांव ज्या वास्तूच्या कपाळीं लागलें, अशी दुसरी वास्तु या शहरांत आम्हांस ठाऊक नाहीं.

जोतीराव हे स्वतः उद्योजक होते, हें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं. ते बांधकामांचे मक्ते घेत, आणि मजुरांशीं व हिशेबांशीं त्यांचा रोजचा संबंध असे. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती व पाणी अडविण्यासाठीं ताली व बंधारे घालावे, असें सुचविलें आहे. ज्याला आज मृद्‍संधारण व जलसंधारण म्हणतात आणि ज्यासाठीं परिषदा भरतात, तें या गृहस्थानें सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं शेतकऱ्यांच्या भाषेंत लिहून ठेवलें. तेव्हां धंदा करणारा मनुष्य भूमीचा विचार करूं शकत नाहीं, हा समज निदान या मंडईच्या दारांत तरी टिकत नाहीं.

असो. आतां मंडईंतील आजच्या व्यवहाराकडे वळूं. ठोक व्यापार गुलटेकडीस जाऊन बराच काळ लोटला. मंडईंत किरकोळ विक्री राहिली आहे. पुरंदरचें अंजीर व मटार, जुन्नर-आंबेगांवकडील टोमॅटो व कांदा, हवेलींतील पालेभाजी, असा हा माल. ज्या गाळ्यावर आपण उभे राहून कोथिंबिरीच्या जुडीसाठीं दोन रुपयांची घासाघीस करतों, त्या गाळ्यावरील बाईला विचारावें, म्हणजे हवामानाचें शास्त्र ती आपल्या भाषेंत सांगेल. मार्च-एप्रिलांत गारपीट झाली, कीं कांदा भिजतो व चाळींत सडतो. ऊन अवेळीं वाढलें, कीं मेथी दुपारच्या आंत माना टाकते. ऑक्टोबर उलटला तरी पाऊस हटत नाहीं, मग टोमॅटोला डाग पडतात. पूर्वीं असें कधीं होत नव्हतें असें नव्हे. परंतु पूर्वीं तो अपवाद होता, आणि आतां शेतकऱ्याला पेरतांनाच तो गृहीत धरावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यासह ठिकठिकाणच्या पाण्यानें पुणें व आसपासच्या भागांत वीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्याचा सारा दोष आभाळाचा नव्हता. ओढ्यांच्या पात्रांत माणसांनीं भिंती उभ्या केल्या होत्या. आणि त्यावर पाऊस मात्र एका रात्रींत, नेहमींचा हिशेब मोडून, कोसळला. निसर्ग व मनुष्य यांच्या चुका अशा एकमेकींच्या गळ्यांत गळा घालून येतात.

ही झाली मंडईंत येणाऱ्या मालाची कथा. आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा मात्र मंडईंतून बाहेर जाणाऱ्या मालांत आहे. सायंकाळीं गाळे आवरतांना जें खालीं उरतें तें पाहावें: फ्लॉवरचे पाले, कोबीचीं वरचीं पानें, मेथीचे देठ, दबलेले टोमॅटो, कोंब आलेले बटाटे. गाडी येते, हें सारें उचलून नेते, आणि आपण समजतों कीं प्रश्न मिटला. तो फक्त आपल्या नजरेआड होतो. कैक वर्षें पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत टाकला गेला. तेथील विहिरींचें पाणी बिघडलें, आणि गांवकऱ्यांनीं एकदां नव्हे, अनेकदां कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. आपल्या घरची साल दुसऱ्याच्या विहिरींत टाकण्यासारखाच हा प्रकार होता. मध्यें महानगरपालिकेची गाडी असल्यामुळें आपल्याला तो तसा दिसला नाहीं, इतकेंच.

ढिगाखालीं दडपलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाहीं. तेथें जे सूक्ष्म जीव वाढतात, ते त्यापासून मिथेन नांवाचा वायु निर्माण करतात. शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचाच हिशेब धरला तर ८० पटींच्या घरांत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत १०५ कोटी टन अन्न दुकानांत, खाणावळींत व घरांत वायां गेलें, आणि त्यांतील सुमारें ६० टक्के एकट्या घरांतून. म्हणजे दोष गाळ्यावरील बाईचा थोडा, व आपल्या स्वयंपाकघराचा फार.

आतां उद्योगाकडे येऊं. मिथेन हा उघड्यावर सुटला तर शत्रु, व चुलींत जाळला तर इंधन, हें ध्यानांत घेऊन पुण्यांत ज्यांनीं काम केलें, त्यांत डॉ. आनंद कर्वे यांचें नांव अग्रभागीं आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे हे नातू, व इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव, वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या आरती या संस्थेनें, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनें, या शतकाच्या आरंभीं घरगुती बायोगॅसची एक सुटसुटीत टांकी तयार केली. तिच्यामागील विचार इतका साधा आहे, कीं तो आपल्याला आधीं कसा सुचला नाहीं असें वाटावें. शेण म्हणजे काय? गाईनें ज्यांतील सत्त्व आधींच काढून घेतलें आहे, असें उरलेलें अन्न. मग जीवाणूंना त्या उष्ट्यावर कां ठेवावें? पिठूळ व गोड पदार्थ, म्हणजे शिळा भात, शिळी भाकरी, नासकीं फळें, सडके बटाटे, थेट त्यांनाच दिले तर? संस्थेच्या अनुभवानें अशा सुमारें २ किलो खाद्यापासून जो वायु एका दिवसांत मिळतो, त्यासाठीं जुन्या पद्धतींत ४० किलो शेण व ४० दिवस लागतात. टांकी म्हणजे बाजारांत मिळणाऱ्या पाण्याच्या दोन प्लास्टिक टांक्या, वरून कापलेल्या; एक दुसरींत पालथी घातलेली. वायु साठत जातो तशी वरची टांकी वर उचलली जाते. लोहाराची गरज नाहीं, गवंड्याची जवळजवळ नाहीं. २००६ सालीं या कामाला इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. त्याआधीं २००२ सालीं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठीं तेंच पारितोषिक याच संस्थेला मिळालें होतें. त्यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनीं पुढें समुचित एन्व्हायरो टेक नांवाची कंपनी काढून सुधारलेल्या चुली, कोळशाच्या भट्ट्या अशा वस्तु विक्रीस आणल्या. संशोधकानें दुकान मांडावें हें कांहीं विद्वानांस रुचत नाहीं. आम्हांस तें रुचतें. जी चूल विकली जात नाहीं ती कोणाचाही धूर कमी करीत नाहीं.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण उत्साहाच्या भरांत तिचा विसर पडतो. मंडईंतील सर्व उरलेला माल या टांकीस सारखाच मानवत नाहीं. पालेभाजीच्या देठांत तंतु फार व पिठूळपणा थोडा. त्यापासून वायु कमी मिळतो, म्हणून त्यांचें खत करणेंच बरें. लिंबू-मोसंबीच्या सालींचा मारा झाला तर टांकींतील आम्लता वाढून जीवाणू मरतात. आणि कचऱ्यांत प्लास्टिकची पिशवी, काच किंवा खडा गेला, म्हणजे सारेंच बिघडतें. पुणें महानगरपालिकेनें शहरांत ठिकठिकाणीं दररोज पांच टन ओला कचरा घेणारे लहान बायोगॅस प्रकल्प उभारले होते. कल्पना उत्तम होती: जेथला कचरा तेथेंच जिरवावा, आणि निघालेल्या विजेवर त्याच भागांतील दिवे लावावे. परंतु त्यांपैकीं बरेच प्रकल्प बंद पडले अथवा अर्ध्यामुर्ध्या ताकदीनें चालले. वेगळा न केलेला कचरा हें त्याचें एक मोठें कारण. यंत्र विकत घेतां येतें, संवय विकत घेतां येत नाहीं. बाणेर येथील ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाची गोष्ट आणखी निराळी. दुर्गंधीनें त्रासलेले शेजारी हरित लवादाकडे गेले. लवादानें २०२० सालीं प्रकल्प तेथून हलविण्याचा हुकूम दिला. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. कायद्याच्या बाजू विद्वानांनीं पाहाव्या. आम्हांस त्यांतून एवढेंच दिसतें, कीं पृथ्वीवर उपकार करणाऱ्या कारखानदारानेंही शेजाऱ्याचें नाक हिशेबांत धरलें पाहिजे.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही मुख्यतः येथें उभे आहों, तिच्याकडे येतों.

कचऱ्यांतून उपयोगी वस्तु वेंचून त्यावर पोट भरणाऱ्या स्त्रिया या शहरांत पुष्कळ होत्या व आहेत. बहुतेक दलित समाजांतील, कित्येक विधवा अथवा नवऱ्यानें टाकलेल्या. त्यांना लोक चोर म्हणत, पोलीस हटकीत, कुत्रीं चावत. १९९३ सालीं त्यांनीं डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना स्थापन केली. हमालांची पंचायत बाबांनीं १९५५ सालींच उभी केली होती; तिचाच हा धाकटा भाऊ म्हणावा, अथवा धाकटी बहीण म्हणणें अधिक बरोबर. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांतील लक्ष्मी नारायण व पौर्णिमा चिकरमाने या अध्यापिकांनीं या कामास वाहून घेतलें. पुढें २००७ च्या सुमारास याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली, आणि २००८ सालीं महानगरपालिकेनें तिच्याशीं करार केला. व्यवस्था अशी: वेंचक स्त्री दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेते, घरवाला तिला दरमहा ठरलेलें शुल्क देतो, सुक्यांतील विकण्याजोगा माल तिचा. तीन हजारांहून अधिक माणसें या संस्थेंत काम करीत आहेत, आणि संस्थेच्या मालकही त्याच आहेत. जो कागद, जो पत्रा त्या परत कारखान्याच्या वाटेस लावतात, तो नव्यानें करण्यासाठीं लागणारें लांकूड, खनिज व कोळसा वांचतो. हवामानाच्या परिषदांत ज्याला चक्राकार अर्थव्यवस्था असें भारदस्त नांव आहे, ती या बायांनीं डोक्यावर पाटी घेऊन, नांव न देतां, कधींच सुरूं केली होती.

असें असूनही कराराची मुदत संपत आली, कीं त्यांचें पोट पुन्हां टांगणीस लागतें, हें एकापेक्षां अधिक वेळां घडलें आहे. कारण कचऱ्यांत पैसा आहे हें आतां सर्वांस कळलें. जोंपर्यंत तो घाण होता तोंपर्यंत तो त्यांचा होता. तो ‘संसाधन’ झाला, आणि त्यावर हक्क सांगणारे पुढें आले. बंधुभगिनींनो, टिकाऊ उद्योगाविषयीं बोलतांना हा प्रश्न आपण टाळूं नये: पृथ्वी वांचविण्याच्या नांवाखालीं गरिबाच्या हातांतील तुकडा काढून घेतला जात असेल तर?

पवित्र शास्त्रानें या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे. लेवीय ग्रंथांत शेतकऱ्याला आज्ञा आहे, कीं शेताच्या कडा अगदीं कोपऱ्यापर्यंत कापूं नयेत आणि खालीं पडलेला सरवा वेंचूं नये. तो गरीब व परका यांच्यासाठीं राहूं द्यावा. हा दानधर्म नव्हे. शेतकऱ्याच्या मर्जीवर तो सोडलेला नाहीं. तो गरिबाचा हक्क आहे. मवाबी रूथ बवाजाच्या शेतांत वेंचावयास गेली ती याच हक्कानें, आणि तिच्या वंशांत आपला प्रभु जन्मास आला. पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, व बारा टोपल्या भरल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. ज्यानें नुकत्याच पांच भाकरींच्या हजारों केल्या, त्याला तुकड्यांची काय वाण होती? तरीही त्यानें एकही तुकडा वायां जाऊं दिला नाहीं. सहाशें घरांच्या गल्लींतून ज्या स्त्रीची ढकलगाडी दररोज फिरते, तिचें काम आणि त्या बारा टोपल्यांचें काम यांत आम्हांस तरी फारसा भेद दिसत नाहीं.

पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं ‘लाउदातो सी’ हें विश्वपत्र लिहिलें, त्यांत पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश हे दोन्ही एकत्र ऐकावयास सांगितले आहेत. उद्योगव्यवसाय हें एक थोर पाचारण आहे असेंही त्यांत म्हटलें आहे. तें वाचून आपल्यांतील व्यापारी मंडळींना बरें वाटेल. परंतु त्याच पत्रांत, प्रदूषणाचे परवाने विकत घेण्याचा जो कार्बन-पतींचा बाजार आहे, त्यांतून नवी सट्टेबाजी फोफावेल व मूळ राहणी बदलण्याचें काम टळेल, असा इशाराही आहे. फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलांत प्रभुचरणीं गेले. त्यांच्या मागून आलेल्या पोपमहाशयांनीं चौदावे लिओ हें नांव घेतलें, तें १८९१ सालीं कामगारांच्या हक्कांवर विश्वपत्र लिहिणाऱ्या तेराव्या लिओंचें स्मरण ठेवून. म्हणजे ज्यांनीं आपला धर्मप्रांत निर्माण केला त्यांचेंच.

महाराष्ट्रांतील आणखी एका उद्योगाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण तेथें कचरा होण्यापूर्वींच माल वांचविला जातो. वैभव तिडके व त्यांचे मित्र यांनीं एस फॉर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभारली. त्यांनीं सूर्याच्या उष्णतेवर चालणारें वाळवणयंत्र तयार केलें. ज्या हंगामांत कांदा किंवा टोमॅटो मातीमोल होऊन शेतांतच सोडून द्यावा लागतो, त्या वेळीं खेड्यांतील शेतकरी स्त्रिया तो चिरून या यंत्रांत वाळवतात, आणि कंपनी तो विकत घेऊन खाद्यपदार्थांच्या कारखान्यांस पुरविते. आपल्या आजीनें गच्चीवर सांडगे-कुरडया घातल्या, त्याच विद्येला या तरुणांनीं शास्त्राची व बाजारपेठेची जोड दिली. २०२३ सालीं त्यांस दहा लक्ष पौंडांचें अर्थशॉट पारितोषिक मिळालें. आमच्या मतें त्या पारितोषिकाहून मोठी गोष्ट ही, कीं स्त्रीला मजुरी न देतां तिला छोटी कारखानदार केलें.

पुण्यांतील इकोकारी व रिचरखा या उद्योगांचें काम पुष्कळांनीं प्रदर्शनांत पाहिलें असेल. टाकाऊ प्लास्टिक धुऊन, वाळवून, त्याच्या पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळतात व हातमागावर विणतात. त्याच्या पिशव्या होतात. काम सुबक आहे, कारागिरांस मजुरी मिळते. पण शहरांत रोज पडणाऱ्या प्लास्टिकाच्या मानानें तें पाशेराचेंही माप नव्हे, आणि पिशवी महाग असते. हें सांगण्यांत त्यांचा कमीपणा नाहीं. पिशवी विकत घेऊन आपलें कर्तव्य झालें असें मानणाऱ्यांसाठीं हें सांगितलें.

धंद्याच्या बाबतींत केवळ हेतु चांगला असून भागत नाहीं, याचें पुण्यांतीलच ठळक उदाहरण सुझलॉनचें आहे. तुलसी तांती यांचा मूळ धंदा कापडाचा. विजेचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनीं स्वतःपुरत्या दोन पवनचक्क्या लावल्या. त्यांतून १९९५ सालीं पवनचक्क्या बांधणारी कंपनीच निघाली, व तिचें मुख्य ठाणें पुण्यास झालें. पुढें ती जगांतील मोठ्या कंपन्यांत गणली जाऊं लागली. तिनें परदेशी कंपन्या विकत घेतल्या, त्यासाठीं कर्ज काढलें, मंदी आली, आणि २०१२ सालीं परदेशी कर्जरोखे मुदतींत फेडतां आले नाहींत. कंपनी बुडाली नाहीं; पण सांवरावयास तिला दशकभर झगडावें लागलें, आणि तांती २०२२ सालीं वारले. वारा फुकट असतो, व्याज फुकट नसतें. बुरूज बांधावयास निघालेल्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हें प्रभूनें शिष्यत्वाविषयीं सांगितलें. पण धंद्यासही तें शब्दशः लागूं पडतें. आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण नोकरी सोडून सौर-पट्ट्या बसविण्याच्या अथवा खताच्या धंद्यांत शिरूं पाहत आहेत, त्यांनीं सहा महिन्यांची घरखर्चाची रक्कम वेगळी ठेवल्याखेरीज राजीनामा देऊं नये, असा आमचा जुन्या वळणाचा सल्ला आहे. त्यांच्या आया तो मनांतून मान्य करतील.

महोत्सवाचा शास्त्रांतील मूळ अर्थही येथें आठवतो. पन्नासावें वर्ष हें इस्राएलास केवळ कर्णे वाजविण्याचें नव्हतें. त्या वर्षीं जमीन पडीत ठेवून तिला विसांवा द्यावयाचा, व गहाण पडलेलें वतन मूळ कुटुंबास परत करावयाचें. भूमीची थकावट आणि गरिबाचें कर्ज हीं दोन्हीं एकाच आज्ञेंत बसविलेलीं आहेत. आपला महोत्सव कमानी, दिव्यांच्या माळा व प्रीतिभोजन यांनीं साजरा होणार आहे. त्यास आमची हरकत नाहीं. आम्हांसही बिर्याणी आवडते.

परंतु त्या भोजनाचें उरलेलें कोठें जाणार, हा प्रश्न समितीपुढें आजच आहे. या सभागृहांत लग्नसराईंत आठवड्यास तीन-तीन समारंभ होतात, व मागें भात, रस्सा, कापलेलीं फळें यांचीं पिंपें उरतात; कर्व्यांच्या टांकीस याहून आवडतें खाद्य नाहीं. एका ठेकेदारानें विजेवर चालणारें यंत्र बसवून देण्याचा प्रस्ताव पाठविला आहे. तें कचरा दळून व तापवून चोवीस तासांत कोरडा भुगा करून देतें. भुगा म्हणजे खत नव्हे. तो ओला झाला कीं पुन्हां कुजूं लागतो. यंत्राला वीज लागते, ती अजून बहुतांशीं कोळशाचीच. आणि प्रस्तावांत अशी अट आहे, कीं आवारांतील सुका मालही ठेकेदारानेंच न्यावा. गेलीं कित्येक वर्षें हा सुका माल ज्या दोन वेंचक स्त्रिया नेतात, त्यांचें नांव त्या कागदावर कोठेंही नाहीं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं मोठ्या आवारांस आपला ओला कचरा होतां होईतों आवारांतच जिरविण्यास सांगितलें. त्यामुळें कांहीं तरी करणें भागच आहे. पण तें या दोघींचा सरवा काढून घेऊन करावें, असें कोणत्याही नियमांत लिहिलेलें नाहीं.

आमची सूचना अशी आहे. स्वयंपाकघरामागें, विहिरीपासून पुरेशा अंतरावर, जेथें दुपारपर्यंत ऊन असतें अशा जागीं दोन टांक्या बसवाव्या, कारण थंडींत जीवाणूंचें काम मंदावतें. पालेभाजीचे देठ व सुकलेलीं फुलें बागेंतील खड्ड्यांत खतासाठीं जावीं. टांकी चालविण्याचें काम त्या दोघींपैकीं जिला नको असेल तिच्यावर लादूं नये. ज्या घेतील त्यांस दरमहा ठराविक वेतन सभागृहाच्या भाड्यांतून द्यावें, आणि सुका माल पूर्वीप्रमाणें त्यांचाच राहावा. निघालेल्या वायूवर निदान चहाचें आधण उकळेल. सारा स्वयंपाक होईल अशी अपेक्षा ठेवून कोणी निराश होऊं नये. पहिले दोन महिने टांकी रुसते, वास येतो, आणि समितींतील कोणी तरी ‘आम्हीं आधींच सांगितलें होतें’ असें म्हणतो. तेवढा धीर धरावा लागेल. अंजिराचें झाड फळत नाहीं म्हणून तोडूं पाहणाऱ्या मालकाकडे माळ्यानें एक वर्षाची मुदत मागितली, भोंवतीं खणून खत घालण्यासाठीं. आम्हीही एकाच वर्षाची मुदत मागतों.

पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर समितीची सभा आहे. खजिनदारांनीं दोन्ही प्रस्तावांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून आणावे, विजेच्या बिलासकट. त्या दोन बायांनाही सभेस बोलवावें. गल्लींतील फेरी आटोपावयास त्यांना साडेअकरा वाजतात, तेव्हां सभा दहा वाजतां न ठेवतां बारा वाजतां ठेवावी, एवढी समितीस विनंती आहे.